आईला एचआयव्ही आहे, मग लेकराचं काय? मराठवाड्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

समुपदेशकाच्या टेबलासमोर हे प्रश्न रोज येतात. विचारणाऱ्या बहुतेक गरोदर बाया, कधी त्यांच्या सासवा, कधी आशाताई, क्वचित एखादे मुख्याध्यापक. बरेच प्रश्न दार लोटून घेतल्यावर, उठता उठता विचारले जातात. औषधाचा डोस प्रत्येकीला तिच्या एआरटी केंद्रातले, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रातले, डॉक्टर सांगतील तोच. इथे त्यामागची कारणं आहेत, आणि बीड-जालन्यापासून नांदेड-लातूरपर्यंत गाडी नेमकी कुठे अडते, तेही आहे.

मला एचआयव्ही आहे. म्हणजे माझ्या लेकराला होणारच ना?

नाही. काहीच उपचार केले नाहीत, तरीसुद्धा सगळ्या बाळांना लागण होत नाही. अशा शंभर बाळांपैकी साधारण १५ ते ४५ बाळांना होते. आईने गोळ्या वेळेवर सुरू केल्या, बाळाला जन्मल्यावर औषध दिलं, तर अंगावर पाजूनसुद्धा हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणता येतं. गर्भ राहायच्या आधीपासून गोळ्या चालू असतील आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका दबलेला असेल, तर धोका जवळजवळ उरतच नाही. फ्रान्समध्ये अशा २,६५१ बाळांची पाहणी झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या एकाही बाळाला लागण झालेली नव्हती. ती बाळं अंगावर पीत नव्हती, एवढा फरक लक्षात ठेवायचा.

लागण नेमकी होते कधी?

तीन वेळा होऊ शकते: पोटात असताना, बाळंतपणात आणि अंगावरच्या दुधातून. उपचार नसतील तर सगळ्यात जोखमीचे तास बाळंतपणाचे. पण दुधाचा काळ लांबलचक असतो, म्हणून 'बाळंतपण नीट झालं, सुटलो' असं म्हणून गोळ्या सोडणाऱ्या बाईच्या बाळाचा धोका तिथून पुन्हा वाढायला लागतो.

तपासणी कधी करायची? 'आमच्या घरात असलं काही नाही' म्हणून सासूबाई नको म्हणतात.

पहिल्या तीन महिन्यांत, नाव नोंदवायला जाल त्याच दिवशी. ही तपासणी कुणावर संशय घेऊन होत नाही, प्रत्येक गरोदर बाईला ती सुचवली जाते. उपकेंद्रात किंवा गावातल्या आरोग्य-पोषण दिवशी बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात. बरेचदा त्याच वेळी गरमीची म्हणजे सिफिलिसची तपासणीही होते, कारण तोही आजार आईकडून बाळाला जातो. पहिल्या तपासणीत शंका आली तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात पाठवतात, तिथे वेगवेगळ्या तीन किटवर पक्कं केल्याशिवाय कुणीही 'पॉझिटिव्ह' म्हणत नाही. तुमची संमती लागतेच. सासूबाईंना सांगायचं तर एवढंच सांगा, की साखर आणि हिमोग्लोबिन तपासतात तशीच ही एक.

पहिल्या तपासणीत काही नव्हतं. पुन्हा कशाला?

लागण नवी असेल तर पहिल्या काही आठवड्यांत किटवर दिसत नाही. शिवाय लागण गरोदरपणातही होऊ शकते, पाजत असतानाही, आणि नव्या लागणीत रक्तातला विषाणू भरमसाट असतो. नवरा बाधित असेल किंवा जोखीम असेल, तर शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा तपासणी करून घ्या.

आणि मालकांची तपासणी? ती झालीच पाहिजे. आपल्याकडे होतं असं, की गरोदर म्हणून बाईची तपासणी आधी होते, तिचा रिपोर्ट आधी येतो, आणि 'हिनेच आणलं' हे घराचं ठरून जातं. आधी कळलं म्हणजे आधी झालं असं नाही. एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, अशीही पुष्कळ जोडपी असतात.

गोळ्यांनी बाळात व्यंग येईल का?

२०१४ पासून देशभर नियम असा आहे, की प्रत्येक बाधित गरोदर बाईला लगेच आणि कायमच्या गोळ्या, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती आहेत याची वाट न पाहता. त्याआधी कितीतरी वर्षं बाळंतपणाच्या वेळी नेव्हिरपिनची एक गोळी आणि बाळाला एक डोस, एवढ्यावरच भागवलं जायचं. आता बहुतेकींना टीएलडी ही एकच गोळी असते: टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. डोल्युटेग्राव्हिरबद्दल २०१८ मध्ये बोट्स्वानातून बाळाच्या मणक्याविषयी शंका आली होती. पुढे जास्त बाळांची माहिती जमली तशी ती विरली, आणि आज गरोदरपणात हेच औषध देतात.

यात एक गोष्ट मात्र बायांना कुणी सांगत नाही. गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही चालू असतात, आणि घरी सगळ्या एकदम रात्री घेतल्या जातात. उपाशीपोटी अशा एकत्र घेतल्या तर लोह आणि कॅल्शियम डोल्युटेग्राव्हिरला अंगी लागू देत नाहीत. एकतर एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या, नाहीतर सगळ्या भरल्या पोटी, जेवणासोबत घ्या. पुढच्या खेपेला केंद्रात गेलात की आपलं वेळापत्रक लिहूनच आणा.

सिझर करावंच लागतं का?

एचआयव्ही आहे एवढ्याच कारणासाठी नाही. सिझर लागतं ते बाळ आडवं आहे, कळा थांबल्यात, अशा नेहमीच्या कारणांसाठी.

खाजगी दवाखान्यात शेवटच्या महिन्यात 'आमच्याकडे सोय नाही' म्हणाले.

असं अजूनही होतं, आणि ते बेकायदा आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ सालचा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि कायद्यात लोकपालाकडे तक्रार करायची तरतूद आहे. पण कळा सुरू झाल्यावर कायदा काढून भांडत बसू नका. आठव्या महिन्यातच ठिकाण ठरवून ठेवा. जिल्हा किंवा स्त्री रुग्णालय, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर किंवा नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यातलं जे जवळ असेल ते. तक्रार बाळंतपणानंतर जरूर करा.

पहिलं बाळंतपण माहेरी. तिथे कुणालाच माहीत नाही.

या प्रश्नावर बायांना सगळ्यात जास्त रडू येतं. नोंद सासरच्या तालुक्यात, बाळंतपण माहेरच्या जिल्ह्यात, आणि मधल्या एसटीच्या प्रवासात कागद हरवतात. निघण्याआधी समुपदेशकाला सांगा. तो माहेरच्या जवळच्या केंद्राला फोन करून ठेवतो, गोळ्या जास्त दिवसांच्या देतो, बाळाचं औषध कुठून मिळेल ते ठरवतो. सातव्या-आठव्या महिन्यात, ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी असते. ती माहेरी जायच्या आधी उरकून घ्या. विषाणू हजारच्या वर आहे की खाली, यावर बाळाला एक औषध द्यायचं की दोन, हे ठरतं.

माहेरी निदान एका माणसाला सांगून ठेवावं, असं माझं मत आहे. आई, बहीण, वहिनी, कुणीही. बाराव्या दिवशी बारशाच्या गर्दीत बाळाला औषध पाजायचं असतं. बाया बाटलीचं लेबल खरवडून काढतात आणि बाटली तांदळाच्या डब्यात लपवतात. हे एकटीने निभावणं फार अवघड जातं.

बाळाला कोणतं औषध, किती दिवस?

साधारणपणे नेव्हिरपिनचं सिरप, रोज एकदा, सहा आठवडे. आईच्या रक्तात विषाणू जास्त असेल, व्हायरल लोड झालेलाच नसेल किंवा गोळ्या उशिरा सुरू झाल्या असतील, तर झिडोव्ह्युडिन हे दुसरं औषधही जोडीला देतात, आणि बाळ अंगावर पीत असेल तर मुदत बारा आठवड्यांपर्यंत जाते. डोस वजनावर ठरतो. तो चमच्याने अंदाजे देऊ नका, सोबत मिळालेल्या सिरिंजनेच द्या. सहा आठवड्यांपासून कोट्रायमोक्साझोलही सुरू होतं. हे औषध एचआयव्हीचं नसून न्यूमोनियासारख्या संसर्गांपासून वाचवण्यासाठी आहे.

ऊसतोडीला गेल्यावर फडावरच, कोपीत म्हणजे मजुरांच्या झोपडीत बाळंत झाले तर?

आधी १०८ ला फोन. बाळाचा पहिला डोस जन्मल्यावर काही तासांतच जावा, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत. त्यामुळे 'सकाळी बघू' म्हणू नका. तीन दिवस उलटून गेले असतील तरी बाळाला घेऊन याच. औषधाचं डॉक्टर ठरवतील, पण तपासणीचं वेळापत्रक तर तिथून सुरू होतं.

अंगावर पाजू की नको?

पाजा. गोळ्या नियमित घेत असाल तर पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. मग वरचं खाणं सुरू करून बाळ वर्षाचं होईपर्यंत अंगावर पाजत राहायचं, आणि पुढचं केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून. बाळाला लागण झालेली असेल तर दोन वर्षांपर्यंत पाजावं.

'वरच्या दुधाने धोकाच नको' असं शहरातले नातेवाईक सुचवतात. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात बाटलीचं दूध म्हणजे हगवण. हगवणीने लेकरू दगावण्याची भीती इथे फार खरी आहे. डबाबंद दूध वर्षभर परवडणार असेल, पाणी उकळायची आणि भांडी निर्जंतुक करायची सोय असेल, तर तो पर्याय जरूर घ्या. पण मग फक्त तेच द्या. पहिल्या सहा महिन्यांत थोडं अंगावरचं, थोडं वरचं, हे सगळ्यात वाईट. वरच्या दुधाने बाळाच्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि त्यातून विषाणूला वाट मिळते.

मधाचं बोट, घुटी, उन्हाळ्यात पाणी?

यातलं काहीच नाही, सहा महिने. पाचवीला मध चाटवणाऱ्या आजीला आवरणं कठीण असतं. आजारपण न सांगता 'डॉक्टरांनी कडक सांगितलंय' एवढं बोललात तरी चालतं. एप्रिलच्या उन्हातसुद्धा बाळाची तहान आईच्या दुधाने भागते. निपलला चिरा पडल्या, छाती लाल होऊन दुखायला लागली किंवा बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे आले, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. तोवर त्या बाजूचं दूध पिळून टाकायचं आणि दुसऱ्या बाजूला पाजायचं.

बाळाची तपासणी लगेच का करत नाहीत?

आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेले घटक, बाळात उतरलेली असतात आणि दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. नेहमीच्या किटला तीच दिसतात, त्यामुळे निरोगी बाळही 'पॉझिटिव्ह' येतं. एखाद्या लॅबमध्ये पैसे भरून ही तपासणी केली आणि घरात रडारड झाली, असं बरेचदा घडतं. बाळाची तपासणी वेगळी, विषाणू स्वतःच शोधणारी असते. बाळाची टाच कोमट करतात, बाजूला टोचतात आणि रक्ताचे थेंब जाड कागदाच्या कार्डावरच्या गोलांमध्ये टाकतात. प्रत्येक गोल पूर्ण भरला पाहिजे, अर्धवट भरला तर नमुना परत येतो. कार्ड ऊन न लागता काही तास सुकवायचं, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून पाकिटात बंद करायचं आणि मोठ्या प्रयोगशाळेला पाठवायचं. रिपोर्टला वेळ लागतो, त्या काळात बाळाचं औषध थांबवायचं नाही.

पहिली तपासणी सहा आठवड्यांनी. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतीण बाहेर पडत नाही, आणि तो संपतो त्याच सुमाराला ही तारीख येते. तेव्हा सव्वा महिन्यानंतरचं पहिलं बाहेर पडणं देवळात नेण्याआधी दवाखान्यात असू द्या. त्याच दिवशी दीड महिन्याची लसही होते. पुढे सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि अठराव्या महिन्यात.

तेव्हा आम्ही ऊसतोडीला साखर कारखान्यावर असतो. मग?

सगळ्या प्रश्नांचं मूळ इथे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात ते सांगली-कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर, पार बेळगाव-बागलकोटपर्यंत. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. गणपतीत जन्मलेल्या बाळाचे सहा आठवडे भरतात ते ट्रकमध्ये बिऱ्हाड चढवण्याच्या आठवड्यात. सहाव्या महिन्याची तपासणी पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा मोसम संपायच्या, आधीच येते. संभाजीनगरच्या नोकरदार बाईला त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा पुरते. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला दोघांची मिळून एकच जोडी धरतात. बाई दवाखान्यात गेली की खाडा पडतो, मुकादम तो उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत मांडतो, आणि नवऱ्याचाही दिवस बुडतो. मग 'बाळ तर चांगलं खेळतंय' म्हणून तारीख जाते. औषध फुकट आहे, तपासणी फुकट आहे, तिथपर्यंत जाणं तेवढं फुकट नाही. सरकारी कागदावर अशा बाईपुढे 'पाठपुराव्याला आली नाही' असं लिहितात, ते मला पटत नाही. आली नाही की येऊ दिलं नाही, हे त्या रकान्यात मावत नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे. निघण्याआधी केंद्रात जाऊन कारखान्याचं नाव आणि तालुका सांगा. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. गोळ्या संपल्या तर देशातल्या दुसऱ्या एआरटी केंद्रातूनही उपचाराचं पुस्तक दाखवून मिळतात, पुस्तक सोबत हवं. तेही न्यायची भीती वाटत असेल तर पानांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. बाळाची तारीख मोसमात येत असेल तर कारखान्याजवळचं आयसीटीसी कोणतं, हे समुपदेशकाकडून लिहून घ्या. मुकादमाला आजार सांगायची गरज नाही. 'लेकराची लस आहे' पुरतं, आणि ते खोटंही नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आता?

त्याच आठवड्यात उपचार. पक्कं करायला दुसरा नमुना घेतात, पण त्याच्या रिपोर्टसाठी औषध अडवत नाहीत. एवढी घाई का? उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी सुमारे तिसरा हिस्सा पहिल्या वाढदिवसाआधी आणि निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावतात. वेळेवर गोळ्या मिळालेली मुलं शाळेत जातात, मोठी होतात, लग्नं करतात, त्यांना निरोगी मुलं होतात. बाळाचं वजन वाढलं की डोस बदलतो, म्हणून केंद्रात जाताना बाळाला सोबत न्यावंच लागतं, नुसत्या गोळ्या आणून चालत नाही. घरात कुणाला खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी आधी.

मोठ्यांना चांगल्या गोळ्या आणि लेकरांना कडू सिरप, असं का होतं?

लेकरांची बाजारपेठ लहान आणि गरीब देशांतली, दुसरं फारसं कारण नाही. डोल्युटेग्राव्हिरला अमेरिकेत मोठ्यांसाठी २०१३ मध्ये मान्यता मिळाली, पाण्यात विरघळणाऱ्या लहान मुलांच्या गोळीला २०२० मध्ये. भारतातही मोफत एआरटी २००४ मध्ये सुरू झाली आणि मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम २००६ च्या अखेरीस. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने दिलेला २०२३ चा जगाचा आकडा बघा: बाधित मोठ्यांपैकी ७७ टक्के लोक उपचारावर, मुलांपैकी फक्त ५७ टक्के. क्यूबाने २०१५ मध्ये आणि थायलंडने २०१६ मध्ये आईकडून बाळाला होणारी लागण जवळपास थांबवली. त्यांच्याकडे आपल्यापेक्षा वेगळं औषध नव्हतं.

लसी द्यायच्या का?

सगळ्या, वेळेवर. जन्मताच बीसीजीसुद्धा. बाळ आजारी दिसत असेल किंवा लागण पक्की झाली असेल, तर जिवंत (कमजोर केलेल्या जिवंत जंतूंच्या) लसींबद्दल डॉक्टर ठरवतील.

शाळेत सांगावं लागतं का? पालक बोंब मारतील.

सांगावं लागत नाही आणि शाळेला विचारता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून प्रवेश नाकारणं, वेगळं बसवणं, खिचडीला वेगळं ताट देणं, सगळं बेकायदा. एकत्र जेवल्याने, खेळल्याने, डास चावल्याने हा आजार होत नाही. औसा तालुक्यातल्या हासेगावच्या सेवालय या एचआयव्हीबाधित मुलांच्या निवासी संस्थेतल्या मुलांच्या शाळाप्रवेशावरून एकेकाळी पालकांनी बहिष्कार घातला होता, तेव्हा भीती किती पेटू शकते हे या भागाला माहीत आहे. मुख्याध्यापकांना एक विनंती: समजलंच, तर ते स्टाफरूममध्येही बोलू नका. परवानगीशिवाय उघड करायला कायद्याने बंदी आहे.

आईबाप दोघेही गेले, मी आजी सांभाळते. काही मदत?

बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. संजय गांधी निराधार योजना तहसीलमधून. एचआयव्हीबाधितांना एसटीतही सवलत आहे, पण ओळखपत्र कंडक्टरपुढे धरावं लागतं, म्हणून गावच्या गाडीत बाया ते काढतच नाहीत आणि पूर्ण तिकीट घेतात. सवलत देताना याचा विचार झालेला दिसत नाही. जमिनीत नातवाचा वाटा आहे, तो चुलत्यांनी परस्पर फिरवू नये म्हणून तलाठ्याकडे वारसनोंद आत्ताच करून घ्या. सांभाळणारं कुणीच नसेल तर मुलांच्या मदतीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा. बीडजवळ पाली इथे इन्फंट इंडिया आणि हासेगावला सेवालय अशा मुलांना घर देतात.

पोराला कधी सांगू? तो विचारतो, 'मलाच रोज गोळी का?'

विचारतो तेव्हाच, त्याच्या वयाला पेलेल एवढं. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'तुझ्या अंगातले सैनिक झोपू नयेत म्हणून गोळी' एवढं पुरतं. आजाराचं नाव बारा वर्षांच्या आत, घरच्या माणसाच्या तोंडून कळावं. नाहीतर ते भांडणात भावकीतल्या कुणाच्या तोंडून कळतं, आणि त्यानंतर मुलं गोळ्या फेकून देतात.

मी आशा आहे. बाळाचा वर्षाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता नाव कमी करू?

नका करू. अठराव्या महिन्याची तपासणी बाकी आहे. तेव्हा नेहमीच्या तीन किटवर बघतात आणि मगच 'नाही' असं पक्कं लिहितात. तोवर अंगावरचं दूध सुटलं नसेल, तर सुटल्यावर पुन्हा एकदा. तारीख मोसमात येत असेल तर टोळी निघायच्या आधी आईला आणि समुपदेशकाला एकत्र बसवा. आईच्या गोळ्या तर चालूच राहणार, त्यामुळे तिचं नाव तुमच्या वहीत राहीलच. अडलं तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन लावा, नाव न सांगता विचारता येतं, पैसे लागत नाहीत.